पान एकेचाळीस ते त्रेचाळीस

कोर्टाची नोटीस आली तेव्हा मशीनमास्तर एका जुन्या शिलाई मशीनच्या पोटात तोंड घालून बसले होते. टपालवाल्यानं दोनदा हाक मारली. मास्तर आतूनच ओरडले, "ठेव तिथं, हात तेलाचे आहेत!"

"सही लागते, मास्तर."

सही लागते म्हटल्यावर मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. बहात्तर वर्षांत ज्या ज्या कागदावर त्यांनी सही केली, त्यातल्या एकानंही त्यांचं भलं केलं नव्हतं, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि मास्तरांचं मत एकदा ठाम झालं की ते बदलायला ब्रह्मदेव आला तरी त्याला बाहेरच्या स्टुलावर बसवून ठेवतील, असा त्यांचा स्वभाव.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते बरं का. गिऱ्हाइकाला झाडतात म्हणून मास्तर. "सुई उलटी लावलीस बाई, आणि म्हणतेस मशीन धागा तोडतं! मशीनचा काय दोष?" असं म्हणायचे, सुई सुलटी करून द्यायचे, आणि त्या कामाचं काही घ्यायचे नाहीत. दुकान एवढंसं. आत एक माणूस आणि एक मशीन मावायचं, दुसरं मशीन आलं की माणसानं बाहेर यायचं. वर पाटी, 'सरळ टाका'. नाव बायकोनं ठेवलेलं. ती म्हणाली होती, "लोकांना कळेल तरी इथं काय नीट करून मिळतं ते." चाळीस वर्षं झाली त्याला.

मास्तरांनी हात पुसले, चष्मा पुसला, नोटीस वाचली. मग चष्मा काढून परत पुसला आणि परत वाचली. मजकूर असा, की तयार कपड्यांची एक मोठी कंपनी आहे. तिनं दोन वर्षांपूर्वी 'सरळ टाका' या नावाचे कपडे बाजारात आणले. तर या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता कुणा अज्ञात इसमानं अडवून ठेवला आहे. इसमाचं नाव नोंदणीत झाकलेलं आहे. त्या पत्त्यावर एका दुरुस्तीच्या दुकानाचं पान दिसतं, म्हणून दुकानदारालाही ही प्रत. पत्ता कंपनीला मिळावा, ही विनंती.

"आयत्या बिळात नागोबा!" मास्तर मशीनला म्हणाले. दुकानात दुसरं कुणी नव्हतंच. गेली अकरा वर्षं ते जे काही बोलायचे ते मशीनलाच बोलायचे. मशीन ऐकून घेतं, एवढा एक गुण.

आता ते पान. ते मास्तरांच्या मुलानं केलेलं. मुलाला घरात बटण म्हणायचे, कारण दोन वर्षांचा असताना त्यानं आईच्या डब्यातलं कोटाचं बटण गिळलं होतं. तीन दिवस अख्खं घर त्या बटणाची वाट बघत बसलं होतं. बटण आलं, धुऊन कोटाला लागलं, आणि पोराला नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं तो कॉम्प्युटरचं शिकला आणि एका सुट्टीत त्यानं दुकानाचं हे पान करून दिलं. दुकानाची वेळ, फोन नंबर, 'सर्व प्रकारची मशीन दुरुस्त करून मिळतील' एवढंच. आणि एक फोटो. आई दाराशी उजेडात बसली आहे, धाग्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवते आहे. बाकी सगळ्या फोटोंत ती पोलिसांसमोर उभी केल्यासारखी दिसायची. याच्यात तिला कुणी फोटो काढतंय हे माहीतच नव्हतं.

रोज सकाळी शटर वर केलं की मास्तर फोनवर ते पान उघडायचे. शेजारच्या चष्मेवाल्यानं एका बोटात उघडेल असं करून दिलं होतं. पान उघडायचं, तिच्याकडे बघायचं, "चल, लागू कामाला" म्हणायचं, आणि फोन खणात. यात काही विशेष आहे असं त्यांना वाटत नव्हतं. पाटी जशी एकदा रंगवली की भिंतीवर राहते, तसं हे पानही एकदा केलं की राहतं, हा त्यांचा हिशेब. कुणी सांगितलं नाही, आणि सांगायचं ज्यानं तो तर घरात नव्हता.

का नव्हता तेही सांगून टाकू. बटणला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. मास्तर म्हणाले दुकान बघ, तो म्हणाला नाही, यावरून बाप-लेकाचं बोलणं बंद झालं. तशात आई आजारी पडली. तिनं दोनदा सांगितलं, "बटणला कळवा." मास्तर म्हणाले, "त्याला सवड असेल तर तोच करील फोन." एकोणीस दिवसांत ती गेली. मास्तरांनी फोन केला तो सगळं उरकल्यावर. पोरगा आला, दारात उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "तुम्ही मला कळवलं नाहीत, बाबा." त्या वेळी हात जोडायचे सोडून मास्तर काय बोलले? म्हणाले, "तू विचारलंस का?" तो त्याच दिवशी गेला. त्याला अकरा वर्षं झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी पहिली तीन वर्षं मास्तरांनी त्याचा शोधही घेतला नाही. मग घेतला, तेव्हा नंबर बदललेला होता आणि घरही.

नोटीस घेऊन मास्तर गेले वकीलबाईंकडे. वकीलबाई म्हणजे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बाईंच्या आईचं मशीन मास्तरांनी तीनदा मरणाच्या दारातून परत आणलं होतं.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," मास्तर म्हणाले.

"मग नका चढू. पत्ता जाईल."

"आणि ते पान?"

"पानही जाईल."

"जाईल म्हणजे कुठं?"

"कुठं नाही, मास्तर. नसेल."

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "चढू या पायरी."

पहिल्या तारखेला काही झालं नाही. पहिल्या तारखेला कुठल्याच कोर्टात काही होत नाही. दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी नोंदणी कार्यालयाला सांगितलं, की झाकलेलं नाव उघडा आणि नोंदणीचा सगळा इतिहास हजर करा. तिसऱ्या तारखेला तो कागद आला. वकीलबाई तो हातात घेऊन बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर मास्तरांच्या शेजारी बसल्या.

"मास्तर, ही नोंदणी मुदतीची असते. मुदत संपायच्या आत परत करावी लागते, नाहीतर पत्ता सुटतो. तुम्ही कधी केलीत?"

"मी? मला काय ठाऊक असलं काही असतं म्हणून!"

"तेच म्हणते मी. मग ती करतंय कोण?"

त्यांनी कागद पुढं धरला. एकाखाली एक अकरा ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, आणि तारखेपुढं एकच नाव. बटणचं खरं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं. शेवटची ओळ चार महिन्यांपूर्वीची होती.

मास्तरांनी चष्मा पुसला. वर्षानुवर्षं तेलकट फडक्यानं पुसून त्या चष्म्यातून तसंही धड दिसत नव्हतं, आणि आता तर मुळीच दिसेना.

"लोक पाच-दहा वर्षांची एकदम करून टाकतात," वकीलबाई म्हणाल्या. "यानं दर वेळी एकाच वर्षाची केली आहे."

म्हणजे दर वर्षी एक दिवस असा येत होता, की त्या दिवशी पोरगं कुठल्यातरी खोलीत बसून विचार करत होतं. ठेवायचं की सोडून द्यायचं? आणि अकराच्या अकरा वेळा त्यानं ठेवलं होतं. आईचा फोटो ठेवला, बापाची दुकानाची वेळ ठेवली. आणि बाप इकडे समजत होता, की पाटी आहे, राहते आपली. मास्तरांना रडू फुटलं. कोर्टाच्या व्हरांड्यात, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत ते रडले. वकीलबाई समोरच्या फलकावरची सूचना वाचत बसल्या. सूचना दोन वर्षांपूर्वीची होती.

"आहे तो," मास्तर शेवटी म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी तरी होता."

"आहे. त्याला नोटीस पोचल्याचीही नोंद आहे. उत्तर मात्र आलेलं नाही. आणि एक ऐका. त्याचा राहता पत्ता या कागदावर नाही. तो उघड करू नये अशी त्याची विनंती होती, म्हणून तो बंद लिफाफ्यात फायलीला लावला आहे. पण तुम्ही पक्षकार आहात. आपण अर्ज केला तर साहेब उघडू देतील."

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उठले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते रेकॉर्ड रूममध्ये गेले.

ही रेकॉर्ड रूम कोर्टाच्या मागच्या बाजूला, अर्धी जमिनीखाली. इंटरनेटवरच्या पत्त्याचं भांडण, पण फाईल मात्र कागदाचीच, जाडजूड, दोरीनं बांधलेली. नियम असा, की खुली फाईल कुणीही येऊन वाचावी, पण इथंच बसून, एका वेळी एकच तास. फायलीजवळ पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. फायलीच्या पुठ्ठ्याच्या आत एक तक्ता चिकटवलेला. तारीख, नाव, खटल्याशी संबंध, कारण, आलेली वेळ, गेलेली वेळ, सही. तेवढ्यापुरतं पेन मिळायचं, तेही टेबलाला सुतळीनं बांधलेलं. या सगळ्यावर राज्य करायला एक रेकॉर्डबाई होत्या. त्यांना बारमाही सर्दी. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढं त्यांचा शिक्का पडायचा. मास्तरांनी तक्त्यात लिहिलं, संबंध 'पक्षकार', कारण 'वाचन'.

लिफाफा शेवटच्या कागदाला टाचलेला होता. खाकी, तोंडावर शिक्का. एवढासा हलका. आत एक चिठ्ठी असेल, चिठ्ठीवर गल्ली, घराचा नंबर. म्हणजे एक दार. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच लिफाफा दिव्यासमोर धरला.

"नाही दिसत," रेकॉर्डबाई नाक पुसत म्हणाल्या. "सगळे धरतात."

मास्तर ओशाळले. लिफाफा खाली ठेवून त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि उरलेला सगळा तास तसेच बसून राहिले. बाहेर पडल्यावर वकीलबाईंना फोन करून म्हणाले, "अर्ज नको. त्यानं झाकलंय ना? मग मी उघडणारा कोण."

चौथ्या तारखेला मास्तरांची साक्ष झाली. शपथ झाली, आणि कंपनीचे वकील उठले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई फार.

"हा नोंदणीधारक तुमचा कोण?"

"मुलगा."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"अकरा वर्षांपूर्वी."

"अकरा वर्षं संबंध नाही, आणि म्हणता पत्ता दुकानाचा! का नाही संबंध?"

वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या. मास्तरांनी हातानं त्यांना खाली बसायची खूण केली. "थांबा, बाई. विचारलंय तर सांगतो."

हे काही ठरवून आले नव्हते ते. पण पिंजऱ्यात उभं राहिल्यापासून त्यांचं लक्ष खालच्या टंकलेखकाकडे होतं. मास्तर एक शब्द बोलले की त्याची बोटं चालत, मास्तर थांबले की थांबत. अकरा वर्षांत त्यांच्या बोलण्यामागून असं कुणी चाललं नव्हतं. मग ते बोलत गेले. बायको आजारी पडली तिथपासून सांगितलं. ती दोनदा म्हणाली कळवा, ते सांगितलं. एकोणीस दिवस रोज फोनजवळ जाऊन परत कसे येत होते, तेही सांगितलं. दारात पोरगा काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, अक्षर न् अक्षर.

"साहेब, याचा खटल्याशी काय संबंध?" कंपनीचे वकील म्हणाले.

"प्रश्न तुमचाच होता," न्यायाधीश म्हणाले. मग मास्तरांकडे वळून जरा मऊ आवाजात, "आजोबा, हे सगळं लिहून घ्यायचं का? ही घरची गोष्ट आहे."

"लिहा, साहेब. आणि 'चूक माझी होती' हेही लिहा. ते राहिलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही."

टंकलेखकानं लिहिलं. तीन पानं झाली. मास्तरांनी वाचून खाली सही केली. ही सही करताना मात्र त्यांना वाईट वाटलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वकीलबाई दुकानात आल्या त्या चक्क हसत. स्टूल ओढून बसल्या. "जिंकलो म्हणा! कंपनी माघार घेतेय. दुकानाचं नाव त्यांच्या कपड्यांपेक्षा अडतीस वर्षांनी जुनं आहे हे त्यांच्याच माणसाला कबूल करावं लागलं, आणि त्याचा बभ्रा नकोय त्यांना. पत्ता आहे तसा राहू देतात. अट एकच. खटल्याचं सगळं रेकॉर्ड बंद करायचं. फाईल शिक्क्याखाली, कुणी बघायची नाही."

"आपलं ठेवायचं झाकून!" मास्तर म्हणाले. मग हातातला पाना खाली ठेवून त्यांनी विचारलं, "माझी ती तीन पानं?"

"तीही बंद. बरंच की! घरचं धुणं कशाला चारचौघांत? झाकली मूठ राहते."

"आत्ता कोण वाचू शकतं ती?"

"आत्ता? कुणीही. यायचं, सही करायची, बसून वाचायचं."

"बटणही?"

वकीलबाईंचं हसू तिथंच थांबलं. "मास्तर, असला वेडेपणा करू नका."

"कुणीही म्हणालात ना?"

"हो, म्हणाले. पण ऐका माझं. खटला लढलो तर कायद्यानं आपण कच्चे आहोत. पत्ता ज्याच्या नावावर तो हजर नाही, उत्तर देत नाही. तुमच्या नावावर तो कधीच नव्हता. चौदा आणे आपण हरतो. फोटोचं सोडा, तो मी तुमच्या फोनमध्ये उतरवून देते, मोठा छापूनही देते. पण ती दरवर्षीची ओळ? तुमचा मुलगा कुठंतरी आहे, त्याला तुमची आठवण आहे, याचा तेवढा एकच पुरावा आहे तुमच्याकडे. पत्ता गेला की तोही गेला. हात दाखवून अवलक्षण का करून घेताय?"

बाईंचा शब्द न् शब्द खरा होता आणि मास्तरांना तो कळत होता. समोरच्या मशीनचं चाक त्यांनी उगाच अर्धा वेढा फिरवलं. सुई खाली गेली आणि वर आली.

"बाई," ते म्हणाले, "त्यानं अकरा वर्षांत अकरा वेळा निरोप धाडला. मी एकदाही नाही. ही तीन पानं म्हणजे माझा एकुलता एक निरोप आहे, आणि तुम्ही म्हणताय त्याला शिक्का मारा. त्याचं झाकलेलं राहू दे. माझं उघडं राहू द्या."

"तो येईलच कशावरून वाचायला?"

"नाही येणार कदाचित."

वकीलबाई खूप रागावल्या. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणाल्या, आणि छत्री विसरून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी छत्री न्यायला आल्या तेव्हा त्यांनी कंपनीला नकार कळवलेला होता.

खटला हरले मास्तर. नोंदणीधारकानं बाजू मांडली नाही, सबब तीस दिवसांत पत्ता कंपनीकडे जावा, असा निकाल. निकालाची प्रत नियमाप्रमाणे नोंदणी कार्यालयामार्फत नोंदणीधारकाला जाणार होती. त्या निकालात वकीलबाईंनी भांडून एक वाक्य घालून घेतलं होतं. 'दुकानदाराचा जबाब या फायलीत पान एकेचाळीस ते त्रेचाळीसवर आहे व तो वाचण्यास खुला आहे.' मास्तरांना त्यांनी ते बोटानं दाखवलं आणि नाक फेंदारून म्हणाल्या, "घ्या. पत्रावर पत्ता घालून दिलाय तुमच्या."

तीस दिवस मास्तर रोज सकाळी पान उघडत राहिले. एकतिसाव्या दिवशी उघडलं तर तिथं तोकड्या विजारी घातलेली चार तरणी माणसं उड्या मारत होती. मास्तर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. भिंतीवर वकीलबाईंनी छापून दिलेला फोटो होता, चौकटीत, छान मोठा. पण तो कुणी दरवर्षी ठेवायचा ठरवत नव्हतं. तो आपला खिळ्यावर होता. फार एकटं वाटलं मास्तरांना. बायको गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा रागाची सोबत होती.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर रेकॉर्ड रूममध्ये जायला लागले. फाईल मागायची, तक्त्यात लिहायचं, 'पक्षकार', 'वाचन', आणि सही करायची. वाचायचं काय होतं? तीन पानं तर पाठच होती. बघायचा तो तक्ताच. दर वेळी त्यांच्या सहीच्या वर त्यांचीच मागच्या महिन्याची सही. तिसऱ्या महिन्यात रेकॉर्डबाई म्हणाल्या, "आजोबा, कुणी आलं तर मी फोन करीन की."

"नको. फोनची सवय मोडलीय मला," मास्तर म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. फोन कधीच आला नाही तर? इथं येऊन बघितलं म्हणजे निदान महिनाभर धीर राहायचा.

सात सोमवार गेले. आठव्या सोमवारी रेकॉर्डबाईंनी फाईल आणून ठेवली आणि नेहमीसारख्या जागेवर जाऊन बसल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या. मास्तरांनी पुठ्ठा उघडला.

त्यांच्या मागच्या महिन्याच्या सहीखाली एक ओळ जास्त होती. तारीख शुक्रवारची. नाव शाळेच्या दाखल्यावरचं. अक्षर तेच, उजवीकडे झुकलेलं. वेळेच्या रकान्यात, आला अकरा वाजून दहा मिनिटांनी, गेला बारा वाजून दहा मिनिटांनी. तीन पानांना पुरता एक तास. कारण 'वाचन'. आणि खटल्याशी संबंध या रकान्यात आधी 'नोंदणीधारक' लिहायला घेतलेलं, 'नोंद' एवढ्यावरच खोडलेलं, आणि पुढं लिहिलेलं, 'मुलगा'.

मास्तरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"काही बोलला का?"

"नाही," रेकॉर्डबाई म्हणाल्या. "पेन्सिल मागितली, पण काही लिहिलं नाही. तास झाला म्हणून मलाच उठवावं लागलं."

"लिफाफा?"

"आहे तसाच आहे. त्याच्यावरचा शिक्का तेवढा बघितला त्यानं, फुटलाय का ते. दोनदा बघितला."

शुक्रवारी मास्तर दिवसभर दुकानातच होते. सकाळी नऊपासून. एका मशीनचे दाते बदलत होते. कुणी आलं नव्हतं. मास्तरांना ते आठवलं. इथून दुकान चालत वीस मिनिटं. तो वीस मिनिटांवर येऊन गेला. पण आला होता. जबाब वाचायला एवढा लांब आला होता, आणि मुलगा म्हणून आला होता.

त्यांनी सुतळीचं पेन ओढलं. नेहमीसारखी तारीख घातली, नाव घातलं. संबंधाच्या रकान्यात हात सवयीनं 'पक्ष' लिहून गेला. ते त्यांनी खोडलं आणि 'बाप' लिहिलं. मग कारणाच्या रकान्याशी येऊन थांबले. रकाना अरुंद, बोटाएवढा. बराच वेळ विचार करून त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'दुकान रोज नऊपासून उघडं असतं.'

रेकॉर्डबाईंनी वाकून वाचलं. "हे असलं कारण चालत नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नाक पुसलं, शिक्का उचलला आणि त्या ओळीपुढं मारला.